खांबावरचं बाहुलं

सेवेरिनाने उकडलेल्या बटाट्यांचं गाठोडं सोडलं, पण स्वतः एकही उचलला नाही. एल आल्तो शहरातल्या आमच्या गल्लीने त्या दुपारी भर रस्त्यात जेवण मांडलं होतं. ज्याने त्याने घरून आणलेलं एकाच लांब कापडावर ओतलं होतं. वर, दिव्याच्या खांबाला, चिंध्यांचं बाहुलं फास लावून टांगलेलं. गळ्यात पाटी होती: चोराला जिवंत जाळू.

सेवेरिनाचा गॅसचा सिलिंडर अंगणातून नाहीसा झाला आणि चोर कोण हे गल्लीने ठरवून टाकलं. धारवाला इलारिओ. दारोदार शिट्टी वाजवत फिरतो, सुरीला धार लावता लावता घरात डोकावतो, गल्लीच्या बैठकीला कधी येत नाही. पुरावा म्हणाल तर एवढाच. अंधार पडायच्या आत त्याने भाड्याची खोली सोडायची होती. नाही सोडली तर काय, ते पाटीवर लिहिलेलंच होतं.

आणि आज सकाळी सिलिंडर परत आला. सेवेरिना बाजारात असताना तिच्या बहिणीने तो न विचारता नेला होता.

सेवेरिनाने हे गल्लीचा प्रमुख रुफिनो याच्या कानात सांगितलं. त्याने बटाटा सोलणं थांबवलं नाही.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही दादा. आधी तुम्हालाच सांगतेय."

रुफिनोने हनुवटीनेच समोर दाखवलं. पाण्याच्या पाइपवरून एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बासिलिया आणि नार्सिसा गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. बाहुलं दोघींनी मिळून शिवलं होतं.

"बघितलंस? गल्ली कधी नव्हे ती एक झालीय. मग तोंडात बटाटा घाल आणि गप्प बस. धारवाला काय, कुठेही शिट्टी वाजवेल."

सेवेरिनाला त्याची चीड आली. पलीकडे इलारिओ सगळ्यांकडे पाठ करून धारेचं चाक दोरीने बांधत होता. ती उठली आणि मोठ्याने सांगून मोकळी झाली, की सिलिंडर सापडला, चोरी झालीच नव्हती.

चघळणारी तोंडं थांबली. कुणीतरी हसेल, विषय संपेल, असं तिला वाटलं होतं. हसलं कुणीच नाही.

"बहिणीने नेला म्हणे," बासिलिया म्हणाली. "आणि आम्ही थंडीत कुडकुडत पहारे दिले."

"साप साप म्हणून भुई धोपटायला लावली आपल्याला," नार्सिसाने री ओढली. "उगाच का कुणी असं करतं? हिच्या मनात दुसरंच काही असणार."

माना डोलल्या. इलारिओला राहू द्यायचं ठरलं, तेही एकमताने. सेवेरिनाच्या बटाट्यांकडे मात्र पुन्हा कुणाचा हात वळला नाही. तिने ते तसेच गाठोड्यात बांधले. चूक काय झाली, तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघताना तिला खांबाखाली गर्दी दिसली. बाहुलं खाली उतरवलं होतं. बासिलियाने त्याची विजार काढली, नार्सिसाने घोळदार घागरा चढवला. घागरा हिरवा होता, सेवेरिना रोज नेसते तसाच, आणि चांगला धड, कुठेही न फाटलेला. कुणीतरी हौसेने दिलेला.

सेवेरिना जवळ आली तशा गप्पा थांबल्या. कुणीतरी बाहुलं खांद्यावर टाकून शिडी चढू लागलं.

"नीट धर रे, धारवाल्या," रुफिनो म्हणाला.

"धरलीय, दादा," इलारिओ म्हणाला, आणि त्याने शिडीला आणखी एक हात लावला.