रेडिओवरचा आवाज

बँड मोडून तीस वर्षं झाली होती, पण हल शहरातली पोरं अजून त्याची गाणी गुणगुणत. जुनी गाणी नव्या रेकॉर्डवर निघाली, तेव्हा गायिका लॉरेनने ती गिटारवाल्या नायजेलच्याच घरी ऐकली. शेवटचं गाणं लंडनच्या रेडिओसाठी गायलेलं होतं. शब्द तिचे, आवाज मात्र दुसरीचा. "नायजेल, तू तर तेव्हा म्हणाला होतास कार्यक्रम रद्द झाला!" "त्यांना तुझा हलचा हेल नको होता गं. कसं सांगणार तुला?" "म्हणून मला एकटीला घरी बसवून सगळे गेलात?" लॉरेनला आईचा तेव्हाचा फोन आठवला. "रेडिओवर छान गायलीस गं, पोरी," आई म्हणाली होती. कार्यक्रम झालाच नाही, तरी आपलं मन राखायला आई धडधडीत खोटं बोलतेय, असं वाटून लॉरेनने तिला झिडकारलं होतं. त्यानंतर आईने मरेपर्यंत तिच्या गाण्याचा विषय काढला नाही.