व्यक्ती क्रमांक सात

बाई आत आल्या आल्या मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी खरडले. बाईंनी ते बरोबर हेरले. संख्याशास्त्राच्या बाईंना सगळे विद्यापीठ मागून चाळणीबाई म्हणे. खडा कितीही बारीक असो, त्यांच्या हाती लागल्यावाचून राहत नसे.

"या, या," अर्थशास्त्राचे सर म्हणाले. ते केव्हाचे येऊन शब्दकोडे सोडवत बसले होते. "माझं विचारून झालंय. पोरगी तल्लख आहे. तुमचा होकार आला की जागा पक्की."

बाईंनी पर्स टेबलावर टाकली, छापील कागद पुढे ओढला आणि माथ्यावर सवयीने वेळ घातली, नऊ. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाला जागा होत्या तीस आणि आजवर मुलाखतीला आलेल्यांपैकी पाच जणांनी थापा मारल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या आसपासचे काहीतरी स्वतः मोजायचे आणि त्याचा अहवाल अर्जाला जोडायचा, असा नियम होता. पाचही जणांनी घरबसल्या आकडे रचले होते. ही सहावी, याबद्दल बाईंना कालच खात्री पटली होती. 'आकडे विश्वासार्ह?' या प्रश्नापुढे त्यांनी रात्रीच लाल शाईने 'नाही' लिहून ठेवले होते. तेवढे कारण लिहायचे राहिले होते.

अहवाल साधा होता. एका कचेरीत बारा माणसे कामाला येतात. प्रत्येकाची दारातून आत शिरण्याची खरी वेळ एका रकान्यात, हजेरीपटावर त्याने लिहिलेली वेळ दुसऱ्यात. असे तीन महिने. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नऊ, नऊ, नऊ.

"ही व्यक्ती क्रमांक सात," बाई म्हणाल्या. "एरवी वेळेवर येते. बुधवारी मात्र नऊ अडतीस, नऊ एक्केचाळीस, नऊ चाळीस. तेरा बुधवार झाले, एकदाही यात खंड नाही. खरा माणूस इतक्या शिस्तीत उशिरा येत नाही गं. अशी शिस्त फक्त रचलेल्या आकड्यांना असते."

"मी जसं दिसलं तसं लिहिलं, मॅडम."

"बुधवारी असं काय असतं?"

"ते मला नाही माहीत. मला फक्त दार दिसतं."

उत्तर तयार होते. फारच तयार, बाईंना वाटले. पोरीच्या आवाजात ना भीती ना गयावया. निर्ढावलेली माणसे अशीच बोलतात.

"हजेरीपट तुला कोणी दाखवला?"

"वडिलांचं झेरॉक्सचं दुकान आहे. महिनाअखेरीला त्याच्या प्रती काढायला आमच्याकडेच येतात."

"वा! सगळंच जुळतंय की. मग आता या सातचं नाव सांग. मी आत्ता फोन लावते."

मुलीने पहिल्यांदाच मान खाली घातली. "नाव नाही सांगता येणार, मॅडम."

सापडली! बाईंनी पेनचे टोपण काढले. "का नाही सांगता येणार?"

"नावं उघड करायची नाहीत, असं अर्जातच लिहिलंय. तुमचीच सही आहे त्याखाली."

सर शब्दकोड्याआड खुदकन हसले. बाईंचा पारा चढला. "आणि मघाशी वहीत काय उतरवलंस? ती वही इकडे दे."

मुलगी घुटमळली. वही तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. जागा हातची चालली आहे हे तिला कळत होते. शेवटी तिने वही टेबलावर ठेवली आणि नजर खिडकीकडे वळवली.

बाईंनी शेवटचे पान उघडले. एकच ताजी ओळ होती.

'बुधवार. सात. ९:४२. (ही खोलीतली वेळ आहे. दारातली दिसली नाही, दोन-तीन मिनिटं आधीची असावी. हिशोबात धरू नये.)'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग मुलगी पाहत होती तिकडे पाहिले. खाली विभागाच्या इमारतीचे दार होते. दारासमोर, रस्त्यापलीकडे, झेरॉक्सचे एक लहानसे दुकान होते आणि दुकानदार मशीनचे झाकण उघडून आत वाकला होता. त्या दुकानावरून बाई अकरा वर्षे रोज जात होत्या.

बुधवारी सकाळी त्या आईला व्यायामोपचारासाठी दवाखान्यात नेत. मग तिला घरी सोडून इकडे येत. पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आजही दाराशी ठेवलेल्या विभागाच्या हजेरीपटात त्यांनी नऊच लिहिले होते, हात जराही न अडखळता. बाईंचे कान गरम झाले. इतकी लाज त्यांना कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या कंसाकडेच जात होती. हिशोबात धरू नये. आकडे रचणारा माणूस कधी असे लिहीत नाही, हे या खोलीत त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

"काय, सापडला का खडा?" सरांनी विचारले.

"सापडला," बाई म्हणाल्या.

मुलीने डोळे मिटून घेतले.

बाईंनी लाल शाईतला 'नाही' खोडून 'हो' लिहिले. कारणाच्या जागी लिहिले, 'स्वतः पडताळून पाहिले.' कागद सरांकडे सरकवता सरकवता त्यांनी तो परत ओढून घेतला आणि माथ्यावरचे नऊ खोडून तिथे नऊ बेचाळीस लिहिले.