उद्या खायची केळी

फोन ठेवल्यावर इनेस रडली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, टोपलीतली कच्च्या केळ्यांची फणी ओट्यावर घेतली आणि एकेक केळं सुटं करू लागली.

मुक्ताई दारात उभी राहून सुनेकडे बघत राहिली. फोनवरचं बोलणं तिला कळलं नव्हतं. पण फोन ठेवताना इनेस तिला म्हणाली होती, "आई, माझी आई गेली." नेहमी अडखळणारं तिचं मराठी नेमकं या वाक्यात अडखळलं नव्हतं. माहेर तिकडे प्वेर्तो रिकोत, समुद्रातल्या एका बेटावर. आणि हिला आठवा महिना. विमानात कोण बसू देणार?

"आगं, ठेव ती सुरी. असं झाल्यावर घरात चूल पेटवत न्हाईत."

"का?"

मुक्ताईचं वारज्यात अख्खं आयुष्य गेलं, पण असं कुणी विचारलं नव्हतं. माहेरचं सुतक लेकीला तीन दिवस, एवढं तिला पक्कं ठाऊक. पण इतक्या लांबचं, निराळ्या देवाच्या माणसाचं सुतक इथे लागतं का? आणि कुणाला विचारायचं? तोवर इनेसने हातांना तेल चोळून केळ्यांची टोकं छाटलीसुद्धा. सालींना उभा छेद देऊन तिने ती मिठाच्या पाण्यात उकळायला टाकली.

मुक्ताईने लेकाला, पियुषला फोन लावला. तो हिंजवडीहून निघाला होता, पण कंपनीची बस जागची हलत नव्हती.

"करू दे तिला, आई."

"अरे, पण मला काय बी कळंना झालंय."

"मला तरी कुठं कळतंय," लेक म्हणाला.

केळी निवल्यावर इनेसने साली काढून जाड चकत्या केल्या. दुसऱ्या पातेल्यात भरपूर तेल, कांद्याच्या चकत्या, लसूण, तमालपत्र, अख्खे मिरे. मंद आचेवर कांदा मऊ झाला तशी तिने व्हिनेगरची बाटली अर्धी रिकामी केली. मुक्ताईच्या नाकात झणका गेला. लोणचं म्हणावं तर तिखटाचा पत्ता नाही, भाजी म्हणावी तर एवढी आंबट कोण खातं? आणि घरात माणसं तीन, केळी मात्र पातेलंभर.

"एवढं कुणाला गं?"

"लोकांना," इनेस म्हणाली. "आई गेली, तर लोक येणार ना. आमच्याकडे नऊ दिवस येतात. हा आज नाही खायचा. उद्या खायचा, लोक येणार तेव्हा."

इथे कोण येणार, पोरी? मुक्ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. विहिणीला तर तिनेही फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एकदा विहिणीने तिला आपली कोंबडी दाखवली, म्हणून हिने गोठ्यात जाऊन म्हैस दाखवली. ओळख ती एवढीच.

पायात चपला सरकवून ती शेजारी गेली. शकू मेथी निवडत बसली होती.

"माझी विहीण वारली, शकू. उद्या सकाळी ये. आळीतल्या बायकांना बी सांग."

"आगं बया! पण मुक्ते, त्या बाईला हितं कोण वळखतं?"

"मी तरी कुठं वळखत होते? या तुम्ही. आन् खाऊन जावं लागंल."

"सुतकाच्या घरात? काय खाऊन?"

"ते मला बी धड माहीत न्हाय," मुक्ताई म्हणाली आणि माघारी फिरली.

सकाळी सातजणी आल्या. डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडेने सतरंजीवर बसल्या. रडावं तर सून कोरडी, गप्प बसावं तर मुक्ताई आत-बाहेर करत होती. तेवढ्यात इनेस पोटाला सांभाळत बशा घेऊन आली. एकेकीसमोर वाकून म्हणू लागली, "घ्या. माझी आई. घ्या."

बशी हातात धरून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मुक्ताईनेच मग एक चकती तोंडात टाकली. आंबट होती, गार होती, पण मऊ होती. तिने मान हलवली. मग शकूनेही एक घेतली.

"नाव काय गं त्यांचं?"

"अमेलिया."

शकूने सावकाश चावलं, गिळलं आणि दुसरी चकती उचलली.

"लेकीला चांगलं शिकवलंय हो अमेलियाबाईंनी," ती बाकीच्यांना म्हणाली.

बायकांनी माना डोलावल्या. सतरंजीवर मुक्ताईने थोडं सरकून जागा केली, आणि इनेस तिचा खांदा धरून हळूच खाली बसली.