मुठीएवढं पिस्तूल

“वहिनी, दिसायला मुठीएवढं आहे, पण आवाज जबर हां. घरात उडवू नका,” असं पार्ल्याचा दुकानदार म्हणाला होता. माल खपवायची बडबड म्हणून वनमालाने ते कानाआड केलं. पण लेक घाबरायला नको, म्हणून टिकल्यांचं ते नवं पिस्तूल दिवाळीच्या दुपारी तिने आधी स्वतःच गॅलरीत उडवून पाहिलं. डोळे गच्च मिटून, हात लांब धरून चाप ओढला. नुसतं फुस्स! पुन्हा ओढला. फुस्स! “फसवलं मेल्याने!” म्हणत तिने अख्खा रोल संपवला. समोरच्या गॅलरीतून शांताबाई दोन्ही हात हलवत होत्या. तिनेही हसून हात हलवला.

इतक्यात तिचा नवरा सहदेव धापा टाकत आला आणि त्याने तिच्या कानांतले कापसाचे बोळे ओढून काढले. सकाळी फटाक्यांच्या धास्तीने लेकीच्या कानांत घालताना तिने आपल्याही घातले होते.

“अगं, खाली भाऊराव रात्रपाळी करून झोपलेत ना!”

वनमाला काही खाली जायला धजत नाही. तुम्ही जिना उतरताच आहात, तर जरा डोकावून सांगाल का, भाऊराव पलंगावर आहेत की पलंगाखाली?