अर्धेली

ऑर्विल गिड्री बादली घेऊन गाडीतून उतरला आणि उतरल्या जागीच थांबला. पिकॅनचं, म्हणजे अक्रोडासारख्या फळाचं, झाड होतं, पण अर्धंच. मिस अर्लीनच्या घराकडच्या फांद्या नेहमीसारख्या पसरलेल्या, आणि कुंपणापलीकडे एकही नाही. शेंड्यापासून खालपर्यंत सरळ रेषेत कापून काढल्या होत्या. भाकरी मोडली तर तिची कड तरी वाकडीतिकडी राहते.

कुंपणापलीकडची बाजू मागच्या हिवाळ्यापर्यंत त्याची होती. कर दरवर्षी वाढत होता, मुलगी पाठीस लागली होती, आणि त्याने सही केली. आता तिथे तीन मजली दोन घरं एकमेकांना खेटून उभी होती. खाली नुसती गॅरेजची दारं, ओसरीचा पत्ता नाही. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डात ओसरीशिवाय घर बांधणं म्हणजे शेजाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसणं.

"आलास का?" मिस अर्लीन आपल्या ओसरीवरून म्हणाल्या. "मला वाटलं, मुलीकडे पर्लँडला गेल्यापासून पिकॅन दुकानातून आणतोस."

"मग तुमचे कोण वेचून देणार?"

"गुडघे कसे आहेत?"

"कुरकुरतात."

"नशीबवान आहेस. माझे संपावर गेलेत."

तो हसला, पण डोळे झाडावरच होते. झाड मिस अर्लीनचं, वेचायला कंबर ऑर्विलची, आणि फळं निम्मी निम्मी. याला तिथे अर्धेलीवर वेचणं म्हणत. कुठलं पिकॅन कुंपणाच्या कुठल्या बाजूला पडलं, हे दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. तो वेचायचा, त्या ओसरीवर बसून किडकी वगळायच्या, आणि शेवटी दोन पिशव्या भरायच्या.

"कापायला आले तेव्हा मी विचारलं," मिस अर्लीन म्हणाल्या, "बाबांनो, धडधाकट झाडाचं हे काय करताय? तर म्हणतात कसे, आधीच्या मालकानेच सांगितलंय, अर्धं झाड आमच्या वाट्याचं आहे." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सांगितलं होतंस तू?"

ऑर्विलच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सांगितलं होतं. सही करताना त्याने मुद्दाम पेन खाली ठेवलं होतं आणि घर घेणाऱ्या त्या अदबशीर पोराला म्हणाला होता, "ते पिकॅन मिस अर्लीनबरोबर अर्धेलीवर आहे. तेवढं सांभाळा." पोरगा म्हणाला, "अगदी, सर. अर्ध्याच्या पलीकडे आम्ही हातसुद्धा लावणार नाही." ऑर्विलने खूश होऊन त्याचा हात हातात घेतला होता. पोरगा शब्दाला जागला होता. ध चा मा करायला तिसरं माणूस लागलंच नाही.

"मी फळांचं बोलत होतो, मिस अर्लीन."

"ते का मला सांगायला हवं? पण अर्धेली म्हणजे काय, हे त्या लेकराला कुठून कळणार? त्याला शेजारी असतील तर ना!"

त्यांनी रागवायला हवं होतं, असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खाली वाकला आणि वेचू लागला.

"पाया खणताना मुळंही तोडली तिकडची," त्या मागून म्हणाल्या. "झाडांतलं कळणारा एक जण पाहून गेला. म्हणतो, पुढचं मोठं वादळ आलं की हे माझ्या छपरावर येणार. आणि पाडायचा खर्च ऐकून मीच पडले असते. परवा तो पोरगा आला होता. केक घेऊन, माझं घर मागायला."

ऑर्विल वाकलेलाच राहिला. "काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, विचार करते."

'घर विकत घेऊ'च्या खांबाखांबावरच्या पाट्या उपटून या बाईने आपल्या टोमॅटोंना टेकू दिले होते. तिच्या तोंडी 'विचार करते' हे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. आपण नुसतं आपलं घर नाही विकलं, हे त्याला तिथे वाकल्या वाकल्या कळलं.

पलीकडे गॅरेजचं दार उघडलं, एक गाडी आत गेली, दार बंद झालं. माणूस काही दिसलं नाही.

एरवी चार वेळा भरणारी बादली या वेळी एकदाच भरली. मिस अर्लीननी कागदाच्या दोन पिशव्या काढल्या आणि ओंजळीने भरायला सुरुवात केली. एक ओंजळ हिच्यात, एक तिच्यात.

"मला नको," तो म्हणाला. "माझा वाटा मी विकून बसलोय."

"कंबर विकलीस का?"

"नाही."

"मग धर. अर्धेली म्हणजे अर्धेली."

त्याने पिशवी घेतली. पिशवी देताना त्या दरवर्षी म्हणायच्या, पुढल्या खेपेला लवकर ये, खारी काही ठेवत नाहीत. तो थोडा घुटमळला. त्या मांडीवरची टरफलं झटकत राहिल्या.

"बादली इथेच ठेवून जातो," तो शेवटी म्हणाला, आणि ओसरीच्या खांबावरच्या खिळ्याला ती अडकवू लागला. "पुढच्या वर्षी पुन्हा आणायला नको."

मिस अर्लीननी त्याच्या हातावर हात ठेवला.

"घेऊन जा, ऑर्विल. हा खिळाही जाईल."