दुपारी बाराचा सुरुंग

"तारखा तुमी घालता आन् उशीर आमच्या माथ्यावर मारता. त्या डोंगराला कधी हात तरी लावलाय का तुमी?"

नथू मुकादमाने हे साहेबाला तोंडावर विचारलं. तुंगार्लीच्या कचेरीत, उभ्यानेच. बस म्हणायची तिथे रीत नव्हती.

साहेबाने कागदावरून मान वर केली नाही. "तीन सुरुंग उशिरा उडाले, नथू. धरणाला दगड पुरत नाही. चौथा चुकला तर तुझी चाळीस माणसं घरी बसतील. घाटाखालची टोळी आणतो."

"मंग ह्या खेपेला तारीख मला घालू द्या."

साहेब हसला. "घाल. पण मग मिनिटभरही इकडेतिकडे चालायचं नाही."

नथू तसाच खाणीवर आला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. पण कचेरीतल्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं ते त्याने केलं. भोकं पाडणाऱ्यांनाच विचारलं. काळा कातळ दिवसाला किती हात आत जाऊ देतो? पहारींना धार लावण्यात किती वेळ मोडतो? सुरुंगाच्या दारूची चिठ्ठी साहेबाच्या टेबलावर किती दिवस लोळते?

"चार," हौशीराम म्हणाला. घण मारणाऱ्यांत तो सगळ्यात जुना. "कधी पाच."

साहेबाच्या तारखेत हे दिवस कधी धरलेच नव्हते. नथूने धरले. वर दोन दिवस दुखण्याखुपण्याचे ठेवले. झाले एकोणीस.

"इसाव्या दिवशी, दुपारी बाराला," त्याने जाहीर केलं.

सावळा ठाकर खो खो हसत सुटला. म्हातारा टोळीला पाणी भरायचा. त्याची वाडी खाणीच्या पायथ्याला, अगदी सुरुंगाच्या तोंडाशी.

"बाराला? नथूभाऊ, तुमचं इशाऱ्याचं शिंग वाजलं की आमच्या बाया चुलीवर तवा टाकत्यात. जेवून, वाईच लवंडून, मंग वढ्यापल्याड गेलं तरी बार न्हाई! मागल्या खेपेला तर दिस बुडला."

सगळी टोळी हसली. नथूच्या कानशिलाची शीर ताठ झाली.

"ह्या खेपेला कोन हसतंय ते बघू."

तेराव्या दिवशी हौशीरामचा अंगठा घणाखाली सापडला. एक दिवस गेला, पण तो आधीच धरलेला होता. नथूने चिठ्ठीसाठी दोनदा कचेरीच्या पायरीवर ठाण मांडलं. दारू आदल्या दिवशीच खाणीवर आली. कधी नव्हे ते कुणाला कुणाची वाट पाहावी लागली नाही.

विसाव्या दिवशी सकाळी त्याने सावळ्याला तुंगार्लीला पिटाळलं. "साहेबाला घिऊन ये. डोळ्यांनी बघू दे त्याला."

"सांजच्याला आणू का?" असं खिजवून म्हातारा गेला.

पावणेबाराला साहेब घोड्यावरून आला. सावळा पायी, तो मागे कुठेतरी राहिला होता.

पहिलं शिंग झालं. माणसं कातळाआड गेली.

दुसरं शिंग. खाली वाडीवर निळसर धूर तरंगत होता. कुठेतरी एक कोंबडा आरवला. ऊन असं पडलं होतं की दगडाकडे बघवत नव्हतं.

तिसरं शिंग झालं तेव्हा बजरंग लाल निशाण घेऊन वाडीच्या वाटेवर उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम.

"वाटेवर चिटपाखरू न्हाई!" तो ओरडला आणि आडोशाला पळाला.

साहेबाने घड्याळ पुढे धरलं. नथूने वातीला बत्ती दिली आणि धावत येऊन त्याच्याशेजारी अंग टाकलं.

डोंगर जागचा हलला. दगड बराच वेळ पडत राहिले.

"बरोबर बारा!" साहेबाने आयुष्यात पहिल्यांदा नथूच्या खांद्यावर हात ठेवला. "राहिली तुझी माणसं."

चाळीस जण आरोळ्या देत बाहेर आले. पागोटी उडाली. हौशीरामने बांधलेल्या अंगठ्यानिशी नथूला मिठी मारली. कितीतरी वेळ कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

मग धुरळा बसू लागला. त्यातून सावळा वर चढत आला, वाडीच्या अंगाने. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, नखं फुटलेली. साहेबाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तो नथूसमोर येऊन उभा राहिला.

"जेवाया बसली व्हती समदी," तो म्हणाला. "आज येळेवर का उडवलास? बोल."