टाकीतले मासे

बाळ गेल्यापासून ओंकारचा सगळा जीव घरातल्या त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गुंतला होता. आज कामावरून रेवदंड्याला परतला, तर सकाळी खेळणारे सगळे मासे उताणे तरंगत होते. त्याने पाण्याचा खारटपणा मोजला, पंप खोलून पाहिला. सगळं ठीक होतं. फक्त पाण्याला उग्र वास येत होता.

"क्रांती, पाण्यात काय टाकलंस?"

"ढेकणांचं औषध," जमिनीवर बसलेली बायको म्हणाली.

"माझ्या माशांनी तुझं काय वाकडं केलं होतं गं?" तो ओरडला.

"कायच न्हाय. मी माझ्यासाठी पेल्यात ओतलेलं. ओठांशी नेलं, पन धीर झाला न्हाय. मोरीपर्यंत चालवेना. टाकी हाताशी होती."